राजाचं काम आता आपल्याकडे

म्हैसूर-उटीची सहल करून आलेल्या कुठल्याही मराठी घरातला अल्बम उघडा. फोटो ठरलेले असतात. पहिला अर्थातच राजवाड्यापुढचा. दुसरा चामुंडी टेकडीवरचा. एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात नाग धरलेल्या रंगीत महिषासुरापुढे मुलांना उभं करून काढलेला. तिसरा सेंट फिलोमिना चर्चचा. त्याचे दोन उंच मनोरे फोटोत मावावेत म्हणून बाबा रस्त्याच्या पार पलीकडे गेलेले, त्यामुळे घरची मंडळी मुंगीएवढी. चौथा श्रीरंगपट्टणच्या गुंबजचा, जिथं हैदरअली आणि टिपू यांच्या कबरी आहेत. आणि गाडी पुढे कूर्गकडे वळली असेल, तर बैलकुप्प्याच्या सोनेरी बुद्धमूर्तींचा पाचवा.

चार दिवसांत एकाच कुटुंबानं चार धर्मांच्या दारात हात जोडलेले असतात. घरी परतल्यावर शेजारणीला सांगताना सहज तोंडून निघतं, ‘‘किती छान शहर आहे हो! सगळे कसे गुण्यागोविंदानं राहतात.’’

सहलीला गेलेल्या माणसाला शहर एवढंच दिसणार, त्यात त्याची चूक नाही. पण गुण्यागोविंद काही हवापाण्यातून येत नाही. ते कुणीतरी करावं लागतं, निभवावं लागतं आणि त्यासाठी कधी कधी लोकांचे बोलही खावे लागतात. म्हैसूरमध्ये हे काम बराच काळ कुणी केलं आणि आता ते कुणाच्या अंगावर आलंय, हे पाहण्यासारखं आहे. कारण हा प्रश्न म्हैसूरचा आहे तेवढाच आपल्या पुण्याचा, नाशिकचा आणि डोंबिवलीचाही आहे.

म्हैसूरच्या ओडेयर राजांची कुलदेवता चामुंडेश्वरी. तिच्या पूजेअर्चेत कसूर न करणारं हे घराणं. तरीही चर्चची गोष्ट सुरू होते ती त्यांच्यापाशीच. १८४३ साली मुम्मडी, म्हणजे तिसरे कृष्णराज ओडेयर, यांच्या काळात इथं आधीचं लहान चर्च उभं राहिलं. त्या वेळच्या शिलालेखात विश्व निर्माण करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या एकाच परमेश्वराचं नाव घेतलंय आणि येशूचा उल्लेख जगाला प्रकाश देणारा असा केलाय. देवीभक्त हिंदू राजाच्या राज्यातला हा मजकूर! पुढे १९२६ साली दरबारातले अधिकारी टी. थंबू चेट्टी यांना संत फिलोमिनाचा पवित्र अवशेष मिळाला. त्यासाठी मोठं चर्च बांधायचं ठरलं, तेव्हा १९३३ साली पायाभरणी केली ती चौथ्या कृष्णराजांनी. आज फोटोत न मावणारे मनोरे त्याच चर्चचे.

हे चौथे कृष्णराज (१८८४-१९४०) म्हणजे गांधीजींनी ज्यांना राजर्षी म्हटलं ते. त्यांनी आपल्या राज्याचं दिवाणपद १९२६ साली मिर्झा इस्माईल यांच्याकडे सोपवलं. मिर्झांचे आजोबा अली अस्कर इराणमधल्या शिराझहून घोड्यांचा व्यापार करायला आले आणि इथलेच झाले. नातू राजवाड्यातल्या शाळेत राजपुत्राबरोबर शिकला. वृंदावन गार्डनमधली संध्याकाळची कारंजी पाहून आपण ‘वा!’ म्हणतो, ती बाग या मिर्झासाहेबांच्या कारकिर्दीतली. एका हिंदू संस्थानाचा कारभार एका मुसलमान दिवाणानं तब्बल १५ वर्षं, १९४१ पर्यंत सांभाळला.

पण म्हणून सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं असं समजू नका. १९२८ साली बंगळूरच्या सुलतानपेठेत एका शाळेतल्या गणपतीवरून मोठा दंगा झाला. संस्थान तेच, दिवाणही तेच. साहजिकच बोटं दिवाणांच्या धर्माकडे वळली. चौकशी समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्ष होते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. अशा वेळी दिवाण बदलून लोकांना शांत करणं राजाला किती सोपं होतं! महाराजांनी ते केलं नाही. त्यांच्या हयातीत मिर्झा दिवाणपदावरच राहिले.

विश्वेश्वरय्यांचं नाव आलं म्हणून आणखी एक गोष्ट सांगायला हवी. निरनिराळे धर्म एकत्र नांदणं ही एक बाजू झाली. एकाच धर्मातल्या निरनिराळ्या जातींचं काय? म्हैसूर संस्थानातल्या सरकारी नोकऱ्यांत मूठभर उच्चवर्णीयांचीच भरती होती. १९१८ साली महाराजांनी मुख्य न्यायाधीश लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मागे राहिलेल्या समाजांना नोकरी-शिक्षणात जागा राखण्याची वाट मोकळी केली. विश्वेश्वरय्या तेव्हा दिवाण होते. त्यांना हे पटलं नाही, त्यांनी पद सोडलं. एवढा गुणी दिवाण गेला, तरी महाराज मागे हटले नाहीत. महाराष्ट्रातल्या वाचकाला इथं कोल्हापूर आठवल्यावाचून राहणार नाही. शाहू महाराजांनी हेच काम १९०२ साली केलं होतं, ५० टक्के जागा राखून. दोन्ही राजांना आपल्याच जवळच्या माणसांची नाराजी पत्करावी लागली.

या दरबाराचं आपल्यावर एक ऋण आहे, ते मात्र फारसं कुणाच्या लक्षात नसतं. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेला राहायचे. म्हैसूर दरबारात त्यांना मोठा मान होता. तिकडे जाता-येता त्यांचा मुक्काम हुबळी-धारवाड भागात पडायचा. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल. म्हणजे बघा, कन्नड मुलखातला हिंदू राजा, उत्तरेकडून आलेला मुसलमान गवई, कुंदगोळचे रामभाऊ आणि थंडीत शाल पांघरून सवाई गंधर्व महोत्सवाला बसलेले पुणेकर! या साखळीतली एक कडी जरी ‘तू आमच्यातला नाहीस’ म्हणाली असती, तर आपल्या कानांचं केवढं नुकसान झालं असतं!

याच घराण्यातले पुढचे राजे जयचामराज ओडेयर यांनी स्वतः कर्नाटक संगीतात कृती रचल्या आणि त्याच वेळी लंडनमध्ये हलाखीत दिवस काढणाऱ्या निकोलाय मेट्नर या रशियन संगीतकाराच्या रचना ध्वनिमुद्रित व्हाव्यात म्हणून पैसाही दिला. आपलं ते सोडायचं नाही आणि दुसऱ्याचं ते परकं मानायचं नाही, ही त्या घराची रीत होती.

राजे असं वागले म्हणून शहर असं घडलं, हे खरं. पण एकट्या राजानं शहर चालत नाही. म्हैसूरचा दसराच पाहा. राजा ओडेयर यांनी तो १६१० साली श्रीरंगपट्टणला सुरू केला, अशी परंपरा सांगतात. विजयादशमीला साडेसातशे किलोंची सोन्याची अंबारी हत्तीवर चढते आणि मिरवणूक बन्नीमंटपाकडे निघते. बन्नी म्हणजे आपली शमी. पूर्वी अंबारीत महाराज बसायचे, आता चामुंडेश्वरीची मूर्ती असते. लाखो डोळे अंबारीकडे लागलेले असतात. हत्तीच्या मानेवर बसलेल्या माहुताकडे कोण पाहतं? हे माहूत आणि त्यांचे मदतनीस कावाडी जंगलातल्या हत्तीतळांवरून येतात. त्यांत जेनु कुरुब आदिवासी आहेत, तसे पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणारे मुसलमानही आहेत. दसऱ्याआधी काही आठवडे ती कुटुंबं राजवाड्याच्या आवारात तंबू टाकून राहतात, त्यांच्या मुलांसाठी तिथंच तात्पुरती शाळा भरते. देवीची अंबारी न डगमगता चालावी म्हणून हत्तीच्या कानात कुजबुजणारा माणूस कुठल्या देवाचं नाव घेतो, हे हत्तीला कळत नाही आणि देवीलाही त्याचं काही वाटत नसावं.

शिसवी लाकडावरचं म्हैसूरचं जडावकाम असंच. मंडी मोहल्ल्यासारख्या वस्त्यांमधले कारागीर ते करतात, त्यांत मुसलमान पुष्कळ. शिसवात बारीक खाच कोरायची, तिच्यात वेगळ्या रंगाच्या लाकडाचा तुकडा नेमका बसवायचा. चित्र बहुतेक वेळा गणपतीचं, कृष्णाचं नाही तर दसऱ्याच्या मिरवणुकीचंच. आपल्या दिवाणखान्यात टांगलेल्या गणपतीची सोंड कुणी कोरली, हे विचारायची वेळ आपल्यावर कधी आलेली नसते.

नंजनगूड म्हैसूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर. तिथला शंकर म्हणजे नंजुंडेश्वर. टिपूच्या लाडक्या हत्तीचे डोळे गेले होते, ते या देवाच्या कृपेनं बरे झाले म्हणून टिपूनं हिरव्या पाषाणाचं लिंग अर्पण केलं, अशी कथा तिथं सांगतात. तेव्हापासून देवाचं नाव पडलं ‘हकीम नंजुंड’. टिपूबद्दल लोकांची मतं आजही टोकाची आहेत आणि त्यांवरून भांडणंही होतात. पण गावानं आपल्या शंकराला हकीम म्हणायला कधी लाज बाळगली नाही.

सगळ्यांत उशिरा आलेले पाहुणे म्हणजे तिबेटी. १९५९ साली दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून हजारो निर्वासित आले. तेव्हाच्या म्हैसूर राज्यानं बैलकुप्प्याला सुमारे तीन हजार एकर जंगलजमीन देऊ केली आणि १९६१ च्या सुमारास तिथं वसाहत सुरू झाली. बर्फाळ मुलखातली माणसं, इथला उकाडा, हिंडणारे रानटी हत्ती. जंगल तोडून त्यांनी मक्याची शेती उभी केली. १९६३ मध्ये पेनोर रिंपोचे यांनी नामद्रोलिंग मठाची स्थापना केली. सोनेरी बुद्धमूर्तींचं देऊळ तिथलंच, १९९९ मधलं. हे ऐकून हेवा वाटायला नको. आपल्या गोंदिया जिल्ह्यातही गोठणगावला १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. थंडीत रस्त्याच्या कडेला स्वेटरची दुकानं मांडणारी मंडळी आपल्याही ओळखीची आहेत. घासाघीस करून स्वेटर घेतो, पण ‘तुमचं घर कुठे?’ असं कितीजणांनी विचारलं असेल?

आज म्हैसूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे नऊ लाखांच्या आसपास. त्यात साधारण पाचातला एक मुसलमान. शिवाय ख्रिस्ती, जैन, बौद्ध. रस्त्यावर कन्नडबरोबर तमीळ, तेलुगू, मल्याळम आणि दखनी कानावर पडते. ही दखनी ऐकाच कधीतरी. रिक्षावाला ‘नक्को’ म्हणतो, तेव्हा मराठी माणूस चमकतो. हा तर आपलाच ‘नको’! शेकडो वर्षं शेजारी राहून दखनीनं तो उचलला आणि थेट म्हैसूरपर्यंत नेला. शब्दांना कुणी भाड्याचं घर नाकारत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. राजे गेले, संस्थान गेलं. राज्याचं नाव १९७३ मध्ये कर्नाटक झालं, शहराचं नाव २०१४ मध्ये अधिकृतपणे म्हैसूरु झालं. ज्याच्या एका शब्दावर चर्चचा पाया घातला जायचा किंवा दिवाण टिकायचा, असा कुणी उरला नाही. आणि सगळं सुरळीत राहिलं असंही नाही. जुलै २००९ मध्ये क्यातमारनहळ्ळी भागात दंगल झाली, माणसं जिवानिशी गेली. सहलीच्या अल्बममध्ये हा फोटो कधीच नसतो.

अगदी अलीकडची गोष्ट २०२५ च्या दसऱ्याची. कर्नाटक सरकारनं उद्‌घाटनासाठी बानू मुश्ताक यांना बोलावलं. हासनच्या या लेखिकेच्या कन्नड कथांच्या इंग्रजी अनुवादाला, ‘हार्ट लॅम्प’ला, त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला होता. कन्नडला तो प्रथमच मिळत होता. तरीही वाद पेटला. देवीपुढे दीप लावणं, फुलं वाहणं हा धार्मिक विधी आहे, तो त्या देवीवर श्रद्धा असणाऱ्यानंच करावा, असं विरोध करणाऱ्यांचं म्हणणं. उलट, हा सरकारी उत्सव आहे, साऱ्या राज्याचा आहे, असं दुसऱ्या बाजूचं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथून सर्वोच्च न्यायालयात. दोन्हीकडे आक्षेप फेटाळले गेले. सर्वोच्च न्यायालयानं राज्यघटनेच्या उद्देशिकेची आठवण करून दिली. २२ सप्टेंबरला बानू मुश्ताक चामुंडी टेकडीवर गेल्या, देवीला फुलं वाहिली आणि दसरा सुरू झाला.

यात विचार करण्यासारखी एक बाब आहे. याच दसऱ्याचं उद्‌घाटन २०१७ मध्ये कवी के. एस. निसार अहमद यांनी केलं होतं. तेव्हा ते कोर्टाच्या पायरीपर्यंत गेलं नव्हतं. आठ वर्षांत देवी तीच, टेकडी तीच, संविधानही तेच. बदललं असेल तर ते लोकांचं मन. विरोध करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात द्वेषच होता असं म्हणणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. आपल्या श्रद्धेची जागा निसटते आहे असं ज्याला वाटतं, त्याची भीती खरी असते. ती भीती न्यायालयाच्या निकालानं जात नाही. निकाल दरवाजा उघडा ठेवतो, पण आत बोलवायचं काम घरच्या माणसानंच करायचं असतं.

आणि खरी परीक्षा दसऱ्याच्या दहा दिवसांत होतच नाही. ती होते उरलेल्या दिवसांत, घराच्या उंबऱ्यावर.

म्हैसूरमध्ये बदलीवर येणाऱ्यांची कधीच वाण नव्हती. केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० मध्ये इथं सुरू झाली, तीही राजघराण्याच्या चेलुवांबा विलास या वाड्यात. म्हशीच्या दुधापासून बाळांसाठी दुधाची पावडर करण्याचं ‘अमूल’च्या उपयोगी पडलेलं तंत्र याच संस्थेतलं. रेल्वेचा कारखाना आहे, भारतीय भाषा संस्थान आहे. इथं बाहेरून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी हवं असतं ते भाड्याचं घर. आणि घर बघायला गेल्यावर पहिला प्रश्न भाड्याचा नसतो, तो असतो, ‘‘तुम्ही कोण? व्हेज की नॉनव्हेज?’’ मराठी माणूस नावावरून, आडनावावरून बहुधा तरून जातो. ज्याचं नाव सलीम असतं, त्याला घर ‘आत्ताच गेलेलं’ असतं. हा प्रश्न पुण्यातही विचारतात, ठाण्यातही. मालक वाईट असतो असं नाही. तो उद्या दसऱ्याच्या मिरवणुकीत हत्तीच्या माहुतासाठी टाळ्याही वाजवेल. पण माहुताला दोन खोल्या भाड्यानं द्यायची वेळ आली, तर घरात विचारून सांगेल.

असं दारातच अडवलं गेलं, की पुढचं सगळं आपोआप अडतं. वस्त्या वेगळ्या होतात. वस्त्या वेगळ्या झाल्या, की शाळा वेगळ्या. मग मुलं मोठी होतात ती एकमेकांचा डबा न खाता, एकमेकांच्या आजीची बोलणी न ऐकता. अशा मुलांना दुसऱ्या धर्माबद्दल जे काही कळतं ते मोबाइलवरून. आणि मोबाइलवर शेजाऱ्याच्या घरच्या खिरीचा वास येत नाही.

उलट जिथं उंबरा मोकळा आहे, तिथं फार मोठं काही करावं लागत नाही. नव्या गावी गेलेली मराठी बाई शेजारणीकडून ‘चेन्नागिद्दीरा’, म्हणजे ‘बऱ्या आहात ना’, एवढं शिकली, तरी अर्धं दार उघडतं. भारतीय भाषा संस्थान १९६९ पासून म्हैसूरमध्ये आहे. दुसऱ्या राज्यांतले शिक्षक तिथं येऊन दहा-दहा महिने राहतात आणि दक्षिणेतली भाषा शिकून परत जातात. तसंच केंद्र आपल्या पुण्यात आहे, तिथं बाहेरची माणसं मराठी शिकतात. आपल्याला दहा महिने नाहीत, पण जिन्यात भेटणाऱ्या माणसाची विचारपूस करण्याएवढा वेळ प्रत्येकाकडे असतो.

ईदचा शीरखुर्मा घरी आला, तर तो कामवाल्या बाईला देऊन टाकायचा की मुलांना वाटीत वाढायचा, हे घरातली बाई ठरवते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘अशांना’ फ्लॅट देऊ नये असा विषय निघाला, की तोंड उघडायचं की घड्याळाकडे पाहायचं, हे घरातला पुरुष ठरवतो. मुलगी मैत्रिणीकडे नाताळला जाऊ का म्हणाली, तर हो म्हणताना आपला चेहरा कसा होतो, हे मुलगी बघत असते. आपल्या देवघरात समई लावूनही हे सगळं करता येतं. चामुंडीची पूजा करूनच कृष्णराजांनी चर्चचा पाया घातला होता.

त्यांना तेव्हा नाराजी सोसावी लागली. आपल्यालाही थोडी सोसावी लागेल. एखादा दीर बोलेल, एखादी मावशी कपाळाला आठ्या घालेल. त्यांच्याशी भांडायचंही कारण नाही. पुढच्या वेळी त्यांनाच शीरखुर्म्याची वाटी द्यावी. राजांपाशी एकेक संस्थान होतं. आपल्यापाशी एक उंबरा आहे, भाड्यानं द्यायचं एखादं घर आहे आणि मीटिंगमधलं एक मत आहे. घर भाड्यानं देण्याची पाटी लावाल, तेव्हा आधी विचार भाड्याचा करा. आलेल्या माणसाचं नाव नंतर विचारता येईल.